जुन्या बोटीवरच्या बॅटऱ्या: नव्या घेण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोट तीस वर्षं जुनी. फ्रिज, दिवे आणि पाण्याच्या पंपासाठी ११० अँपिअर-तासांच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या, वय चार वर्षं. संध्याकाळी चार्जरचा हिरवा दिवा लागतो, चार्जर बंद केल्यावर मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो आणि पहाटे बघावं तर ११.९. इंजिनची बॅटरी वेगळी आहे, पण हल्ली तीही सकाळी कुरकुरते. विकणारा म्हणतो, तिन्ही बदला.

तपासल्याशिवाय एकही बदलू नका. जुन्या बोटीवर बॅटरी आपणहून क्वचितच मरते. अर्धवट चार्जिंग, गंजलेले जोड, इंजिनाची उष्णता यांपैकी काहीतरी तिला मारतं. ते कारण तसंच राहिलं तर नव्या बॅटऱ्यांचीही तीच गत होणार.

आधी कागदावर हिशेब करू. लहान फ्रिज रात्रभरात सरासरी ३ अँपिअर ओढतो असं धरा. नऊ तासांत २७ अँपिअर-तास झाले. नांगराचा एलईडी दिवा आणि किरकोळ खर्च मिळून ३० धरू. तुमची बँक, म्हणजे जोडलेल्या दोन बॅटऱ्या मिळून, २२० ची. म्हणजे पहाटे १३-१४ टक्केच खर्च झालेला असायला हवा आणि व्होल्टेज १२.५ च्या आसपास. ११.९ ला बँक जवळजवळ रिकामी असते. आता एक शंका लगेच काढून टाका: हे ११.९ फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना वाचलं का? लोड चालू असताना व्होल्टेज खाली दिसणारच. एकदा पहाटे सगळं बंद करा, ढोबळ अंदाजापुरतं अर्धा-पाऊण तास थांबा आणि मग वाचा. तरीही १२.१ च्या खालीच असेल, तर तीन शक्यता उरतात: बॅटऱ्यांची क्षमता खूप घटली आहे, त्या मुळात भरतच नाहीत, किंवा तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी रात्रभर करंट खातं आहे.

तिसरी शक्यता दहा मिनिटांत तपासता येते. सगळे स्विच बंद करा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, ते इथे निरुपयोगी. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या ऑटोमॅटिक स्विचला थोडासा करंट लागतो, गॅस डिटेक्टरला लागतो, रेडिओच्या मेमरीला लागतो. हे सगळं मिळून काही मिलिअँपिअर ते पाव अँपिअर असेल तर ठीक. १ अँपिअर दिसला तर दिवसाला २४ अँपिअर-तास कुठेतरी वाहून जात आहेत. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, तिथे चोर. तीस वर्षांच्या बोटीत आधीच्या मालकांनी थेट बॅटरीवर बांधलेल्या दोन-चार वायरी हमखास सापडतात. त्या आधी सोडवा.

आता व्होल्टेज. मल्टिमीटर हातात असला की सगळ्यांना वाटतं बॅटरी कळली. व्होल्टेज सांगतं ते फक्त भांडं किती भरलंय हे. भांडं केवढं उरलंय हे सांगत नाही. चार वर्षांची थकलेली बॅटरीही १२.७ दाखवते, फक्त तिच्यात ११० च्या जागी ४० अँपिअर-तास मावतात. शिवाय आकडा खरा यायचा तर बॅटरी चार्जिंग आणि लोड दोन्हींपासून निदान चार-सहा तास मोकळी हवी. विश्रांतीनंतर साध्या पाण्याच्या बॅटरीत १२.६५ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण आणि १२.२ म्हणजे निम्मी. एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी, भरलेली असताना १२.८ किंवा थोडी वर असते. तुमच्या वर्णनात मला खटकलं ते वेगळंच. चार्जर नुकताच बंद केला असेल तर चांगली बॅटरी काही वेळ १३ च्या वर रेंगाळते. तुमची लगेच १२.७ वर येत असेल, तर हिरव्या दिव्यावर माझा भरवसा नाही.

या हिरव्या दिव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घोळ बहुधा इथेच आहे. बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते पुन्हा विरघळतं. बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली तर त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होतात, म्हणजेच सल्फेशन. मग प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो आणि आतला रोध वाढतो. रोध वाढला की चार्जिंग सुरू होताच व्होल्टेज झपाट्याने १४.४ ला पोचतं, करंट पडतो आणि चार्जर समजतो की काम झालं. म्हणून बॅटरी जेवढी खराब, तेवढा हिरवा दिवा लवकर लागतो! चार्जर चालू असताना करंट बघा. निम्मी रिकामी २२० ची बँक पुरेसा मोठा चार्जर असेल तर सुरुवातीला सहज ४० अँपिअर घेते आणि तासभर तरी तिथेच राहते. ती वीस मिनिटांत ६-७ अँपिअरवर आली, तर तिच्यात घ्यायला जागाच उरलेली नाही. आणि ‘भरली’ हे दिव्यावरून न ठरवता असं ठरवा: १४.४ व्होल्टवर करंट क्षमतेच्या २ टक्क्यांच्या खाली येऊन स्थिरावला का? तुमच्या बँकेसाठी तो सुमारे ४ अँपिअर. एजीएमसाठी मी १ टक्क्याच्या खाली जाईपर्यंत थांबतो.

तुमच्या बॅटऱ्यांना बुचं असतील तर नशीबवान आहात, कारण आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर जे सांगतो ते कुठलंच इलेक्ट्रॉनिक यंत्र सांगत नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. पूर्ण चार्ज करून, काही तास विश्रांती देऊन प्रत्येक सेलचं वाचन घ्या आणि लिहून ठेवा. सुमारे २५ अंशांना भरलेल्या सेलचं वाचन १.२६५ च्या आसपास येतं, निम्म्याचं १.१९०. आम्ल गरम असेल तर साधारण ५ अंशांमागे ०.००४ मिळवा, थंड असेल तर वजा करा. एका बॅटरीत मला असे आकडे मिळाले: १.२६०, १.२५५, १.२६०, १.१८५, १.२५५, १.२६०. चौथा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०७ हून जास्त खाली. ०.०५ च्या वर फरक म्हणजे तो सेल बसलाय, त्या बॅटरीवर वेळ घालवू नका. पण सहाच्या सहा सेल १.२१० ला एकसारखे असतील तर ती बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे. ती बऱ्याच वेळा परत येते. एक खबरदारी: पाणी घातल्या घातल्या वाचन घेऊ नका. वर नुसतं पाणी असतं, आकडा खोटा येतो.

दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत, म्हणून वरची सगळी मापं त्या सुट्या करून घ्या. जोडलेल्या असताना खराब बॅटरी चांगलीच्या आड लपते आणि रात्रभर तिला पीत राहते. सुट्या करून दोन्ही भरा आणि तीन-चार दिवस तशाच ठेवा. एक १२.७ वर राहिली आणि दुसरी १२.३ ला आली, तर उत्तर मिळालं.

मग येते खरी परीक्षा, क्षमतेची. बॅटरीवर छापलेले अँपिअर-तास बहुतेक वेळा २० तासांच्या दराचे असतात. ११० ची बॅटरी म्हणजे ५.५ अँपिअर २० तास, व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत. १८९७ मध्ये पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं की करंट जास्त ओढला तर मिळणारी एकूण क्षमता कमी होते; म्हणून परीक्षा त्याच दराच्या जवळपास घ्यायची. गाडीच्या हेडलाइटचा ६० वॉटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो. तो पुरतो. बॅटरी पूर्ण भरा, रात्रभर विश्रांती द्या, सकाळी बल्ब जोडा. बल्ब भयंकर तापतो, तेव्हा तो लाकडावर किंवा गादीजवळ ठेवू नका. दर तासाला व्होल्टेज आणि करंट लिहा. व्होल्टेज उतरतं तसा करंटही थोडा घटतो, म्हणून नुसते तास मोजून भागत नाही. ११.५ च्या खाली गेलं की तिथून हलू नका, कारण शेवटचा उतार फार वेगाने येतो. १०.५ ला बल्ब काढा आणि त्याच क्षणी चार्जर लावा. रात्रीवर ढकललंत तर परीक्षेनेच बॅटरीचं नुकसान होईल. समजा १३ तास चालली आणि सरासरी करंट ४.८ भरला, तर ६२ अँपिअर-तास झाले. छापील क्षमतेच्या ५६ टक्के. इमारतींत एका जागी बसवलेल्या बॅटऱ्यांच्या जगात ८० टक्क्यांना आयुष्य संपलं असं मानतात. बोटीवर इतकं कडक असायची गरज नाही. ६० टक्क्यांपर्यंत मी चालवतो, त्यापुढे मात्र नांगरावर रात्र काढायला तिच्यावर विसंबत नाही. ही परीक्षा वर्षातून एकदाच आणि फक्त डीप-सायकल, म्हणजे खोलवर उतरवून पुन्हा भरण्यासाठी बनवलेल्या बॅटरीची. इंजिन सुरू करायच्या बॅटरीला अशी पिळलीत तर ती तिथेच बसेल.

हातात धरायचे कंडक्टन्स टेस्टर दहा सेकंदांत ‘चांगली’ किंवा ‘बदला’ असं छापून देतात. स्टार्टर बॅटरीसाठी ते ठीक, डीप-सायकलच्या क्षमतेबद्दल त्यांचं ऐकून पैसे खर्च करू नका. विकणाऱ्याने बहुधा तेच लावलं असेल.

इंजिनच्या बॅटरीची गोष्ट निराळी. तिची परीक्षा लोडची: थंडीत स्टार्ट देण्याचा जो करंट तिच्यावर छापलेला असतो त्याच्या निम्मा करंट १५ सेकंद ओढायचा, सुमारे २० अंशांना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. लोड टेस्टर नसेल तर स्टार्टर वापरा. इंजिन बंद करायची दांडी ओढून धरा म्हणजे ते पेटणार नाही, आणि सात-आठ सेकंद फिरवा. पण त्याआधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद केला का? इंजिन न पेटता फिरत राहिलं तर पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, आणि सायलेन्सर भरून ते उलटं सिलिंडरमध्ये जातं. बॅटरी तपासता तपासता इंजिन उघडायची वेळ येते. आणि खरंच इंजिन सुरू करण्याआधी तो कॉक पुन्हा उघडा.

स्टार्टर फिरत असताना नुसतं बॅटरीचं व्होल्टेज बघून थांबू नका. समजा बॅटरीच्या खांबांवर १०.९ आहे आणि स्टार्टरच्या बोल्टवर ९.४. मग बॅटरी निर्दोष आहे, मधल्या वाटेत दीड व्होल्ट हरवतोय. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर ठेवून स्टार्ट द्या. जो आकडा येईल तो त्या बाजूचा तोटा. तसंच निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक. एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोडामागून जोड मोजत जा. बहुतेकदा दोषी निगेटिव्ह बाजू असते. पॉझिटिव्ह सगळे घासतात; ब्लॉकला बोल्ट केलेला निगेटिव्ह लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) खाली अंधारात असतो, तेलाने माखलेला, त्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. केबलचं आवरण लगपासून दोन इंच सोलून बघा. तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील तर लग बदलून उपयोग नाही, केबलच बदला. नवी केबल कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याचीच घ्या. तुमची ‘कुरकुरणारी’ तिसरी बॅटरी इथेच वाचेल असा माझा अंदाज आहे.

हाच तोटा चार्जिंगमध्येही होतो, फक्त तिथे तो आवाज करत नाही. इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. मागे १४.२ आणि बॅटरीवर १३.५ येत असेल तर बॅटरी जन्मात भरणार नाही. जुन्या बोटींवर इंजिनची बॅटरी आणि घरगुती बँक एकमेकींपासून वेगळ्या ठेवायला डायोडचा आयसोलेटर असतो, तो एकटाच ०.६-०.७ व्होल्ट खातो. तो काढून व्होल्टेजवर चालणारा रिले बसवला की बऱ्याच जुन्या बोटींचं दुखणं त्या एका बदलाने जातं. आणि समांतर बँकेचा पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून घेतलात तर निगेटिव्ह दुसरीवरून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतले तर तीच जास्त राबते आणि तीच आधी जाते.

उपाशी बॅटऱ्या परत आणायच्या कशा? आधी साधा उपाय: चांगल्या चार्जरवर १४.४ ते १४.८ व्होल्टला दीर्घकाळ, दिवसभर किंवा जास्त, हायड्रोमीटर बघत. एवढ्याने वाचनं वर आली नाहीत तर इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल ‘उकळवणं’: साधारण १५.५ व्होल्ट, कमी करंटवर काही तास. हे फक्त बुचं उघडणाऱ्या बॅटरीला. जेल किंवा एजीएमला चार्जरच्या त्या बटणापासून लांब ठेवा. काही एजीएम बनवणारे ठरावीक पद्धतीने परवानगी देतात, बाकीच्यांत गेलेलं पाणी परत घालता येत नाही. उकळवताना बोटीतली सगळी उपकरणं बॅटरीपासून तोडा, झाकणं आणि खिडक्या उघडा, तासागणिक वाचन घ्या. केस ५० अंशांच्या वर तापली की थांबा. लागोपाठ दोन-तीन वाचनं वाढली नाहीत तर जे मिळायचं ते मिळालं. बाटलीत मिळणारी जादूची भुकटी आणि पल्स देऊन सल्फेट फोडणारी डबी यांच्यावर माझा विश्वास बसलेला नाही. नीट मन लावून केलेल्या चार्जिंगचं श्रेय त्या डब्या घेतात, एवढंच.

या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. चार्जिंग चालू असताना टर्मिनल काढू-घालू नका. आणि बॅटरीचा खण बिल्जच्या पाण्याच्या पातळीच्या वर हवा, कारण खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू निघतो. जुन्या पाणबुड्यांवर हा मोठा धोका होता.

आयुष्य वाढवण्याबाबत सगळे ‘५० टक्क्यांच्या खाली उतरवू नका’ हे सांगतात. नियम बरोबर आहे, पण मी त्याला पहिला नंबर देत नाही. एखाद्या रात्री ३० टक्क्यांवर आली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरली तर फारसं बिघडत नाही. ८० टक्क्यांवर आठवडे काढले तर बिघडतं. आणि बोटीवर नेमकं तेच होतं, कारण शेवटचे १५-२० टक्के भरायला चार-सहा तास लागतात, चार्जर कितीही मोठा असो. धक्क्यावरून निघताना तासभर इंजिन चालवून ते कधीच भरत नाहीत. तिथे छपरावरचं लहानसं सोलर पॅनल अल्टरनेटरपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ५० वॉटचं पॅनल आणि धड कंट्रोलर, बोट उभी असताना रोज हळूहळू ते शेवटचे टक्के भरत राहतं. तुमच्यासाठी सगळ्यांत फायद्याचा खर्च मला हाच वाटतो, नव्या बॅटऱ्यांच्याही आधी.

दुसरा शत्रू उष्णता. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. जुन्या बोटी बांधणाऱ्यांनी केबल आखूड राहावी म्हणून बॅटऱ्या इंजिनाच्या कुशीत ठेवल्या. घरगुती बँक तिथून बाहेर काढा, केबल लांबली तर जाडी वाढवा. ते जमत नसेल तर निदान तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी लागतात. सेन्सर नसेल तर तापलेल्या खणात चार्जर बॅटरी आटवत राहतो. बोटीबरोबर आलेला जुना, जड, घूं घूं करणारा चार्जर अजून वापरात असेल तर तो आधी बदला. महिनाभर लावून ठेवला की तो पाणी सुकवतो. धक्क्यावर कायम लावून ठेवायचा चार्जर १३.२ ते १३.६ च्या दरम्यान स्थिर राहायला हवा.

पाणी डिस्टिल्ड, आणि चार्जिंगनंतर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल वर येऊन बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि त्या बुडतील एवढंच. बॅटरीची वरची बाजू खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, बुचं घट्ट लावून, थेंबही आत जाता कामा नये. जोड घासून कोरडे आवळा, आणि पेट्रोलियम जेली आवळल्यानंतर वरून लावा.

बोट महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बिल्ज पंप सोडून सगळं तोडा. वीज आणि सोलर दोन्ही नसतील तर पाण्याची बॅटरी महिन्याने आणि एजीएम तीन महिन्यांच्या आत पूर्ण भरायला घ्या.

लिथियमचा विचार मनात आला असेलच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्धवट भरलेली राहिली तरी कुरकुरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती मागेल तेवढा करंट घेते आणि जुना अल्टरनेटर तासाभरात जळू शकतो. आणि तिच्या बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) चालू चार्जिंगमध्ये जोड तोडला तर व्होल्टेजचा झटका अल्टरनेटरचे डायोड उडवतो. तीस वर्षांच्या वायरिंगवर ती नुसती जागा बदलून बसवण्याची वस्तू नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: पहाटेचं लोडविना वाचन, चोर करंट, दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून हायड्रोमीटर, केबलचा तोटा, मग क्षमतेची परीक्षा. घरगुती दोन्हींपैकी एक गेली असेल तर दुसरीची क्षमता परीक्षेत ८० टक्के आली तरी तिला नवी जोडीदार देऊ नका. जुनी वेगळ्या, हलक्या कामाला लावा आणि घरगुती बँकेसाठी एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या दोन घ्या. नव्या आल्या की पहिल्या महिन्यातच हेडलाइटच्या बल्बची परीक्षा घ्या आणि मिळालेले अँपिअर-तास तारखेसकट मार्करने झाकणावर लिहा. पुढच्या वर्षी तुलना छापील आकड्याशी न करता त्या आकड्याशी करायची.